रोजच्या आरतीचा अर्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला बाहेरचा विद्वान वक्ता बोलवावा अशी आपली वहिवाट आहे. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि घरच्याच कोणीतरी बोलावे म्हणून मला उभे केले. मी शास्त्री नव्हे, कीर्तनकार नव्हे. पेण माझे माहेर आणि रोहा सासर, एवढीच माझी पदवी. म्हणून विषयही घरचाच घेतला आहे. 'सुखकर्ता दुःखहर्ता' या नावाने जी गणपतीची आरती आपण सगळ्या ओळखतो, तिच्यातील काही शब्दांचा अर्थ आज पाहावयाचा आहे. आरती सर्वांना पाठ आहे, तेव्हा ती मी येथे म्हणून दाखवीत नाही. एकेक शब्द तेवढा हाती घेते.

कोणी म्हणेल, देवाचे नाव भक्तीने घ्यावे, अर्थाची चिकित्सा कशाला? या शंकेला उत्तर आपल्या मुलखातच आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. १८९५ साली ते तेथे जन्मले. त्यांची आई, रखुमाबाई, फारशी शिकलेली नव्हती. गीता ऐकायला ती श्रद्धेने जाई, पण संस्कृत कळत नसे. तिने मुलाजवळ मराठी गीता मागितली. मुलाने आणून दिलेले मराठी पुस्तकही तिला जड वाटले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे तिने त्याला विचारले. आई १९१८ साली गेली. मुलाने १९३०-३१ साली 'गीताई' पुरी केली. गागोद्याच्या एका सुनेला अर्थ समजून घ्यावासा वाटला, म्हणून महाराष्ट्राला ते पुस्तक मिळाले. आणि हे आपले रोहा! १९२० साली येथे जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी सारे आयुष्य गीतेचा अर्थ साध्या माणसाच्या दारी नेण्यात घालवले. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत अर्थ विचारणे हा भक्तीचाच भाग आहे, असे मी म्हटले तर ती फुशारकी होणार नाही.

आता आरतीकडे वळू. परंपरा ती समर्थ रामदासांची मानते, आणि शेवटच्या कडव्यात रामाच्या दासाची नाममुद्रा आहेच. समर्थ आपल्याला परके नाहीत. ज्या शिवथरघळीत त्यांनी 'दासबोध' सांगितला असे मानतात, ती आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे. आरती मोरगावच्या मोरेश्वरापुढे सुचली असेही परंपरा सांगते. ते खरे असावे असे मला एका शब्दावरून वाटते. आरतीतला गणपती सर्वांगाला शेंदराची उटी ल्यालेला आहे. आपण भाद्रपदात घरी आणतो त्या मातीच्या मूर्तीला शेंदूर कोठे असतो? तो असतो देवळातल्या पाषाणाच्या मूर्तीला. रोह्याहून पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आपण सगळ्या गेलो आहोत. अष्टविनायकांच्या मूर्ती अशाच शेंदूरचर्चित असतात. म्हणजे देवळातील देवासमोर झालेली आरती पुढे आपल्या माजघरात येऊन राहिली.

पहिल्या कडव्यातच एक अडचण आहे. आपण चालीवर म्हणताना 'विघ्न' या शब्दापाशी श्वास घेतो आणि 'नुरवी' हा शब्द पुढच्या ओळीला जोडतो. त्यामुळे विघ्नाची वार्ता अधांतरी लोंबकळत राहते, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की सुख देणारा देव विघ्नाची बातमीही घेऊन आला! 'नुरवी' म्हणजे 'न उरवी', शिल्लक राहू देत नाही. जुन्या मराठीत नकार असा आधी येऊन चिकटतो. 'नसे', 'नेणे', 'नलगे' हे शब्द त्याच घरातले. ज्याची कृपा विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही आणि प्रेम पुरवते, असा सरळ अन्वय आहे. विघ्न तर नाहीच, त्याची नुसती बातमीही उरत नाही.

भगिनींनो, या दोन क्रियापदांकडे जरा नीट पाहा. उरणे आणि पुरणे. हे शब्द कोणाच्या तोंडचे? पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात आपण काय विचारतो? भात पुरला का, आमटी उरली का? महिनाअखेरीस डबे हलवून पाहताना हेच दोन शब्द मनात असतात. समर्थांनी देवाचे थोरपण सांगायला मोठे जडजवाहीर शब्द योजले नाहीत. घर चालवणाऱ्या बाईचा रोजचा हिशेब योजला. काय उरू नये, तर विघ्न. आणि काय पुरावे, तर प्रेम. पैसा पुरवी असे म्हटलेले नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हाच 'पुरणे' शब्द ध्रुपदात पुन्हा भेटतो. तेथे आपल्यापैकी पुष्कळजणी 'पूर्ती' असे म्हणतात. मूळ शब्द 'पुरती' आहे, आणि तो आजच्या 'पुरतात' या क्रियापदाचे जुने रूप आहे. देवाच्या दर्शनाने मनातील कामना पुरतात. कोणी 'दर्शन' म्हणतात, कोणी 'स्मरण' म्हणतात. दोन्ही पाठ चालतात, आणि ज्या अंथरुणाला खिळल्या आहेत त्यांना 'स्मरण' अधिक जवळचे वाटेल. कामना पुरतात म्हणजे पूर्ण होतात, हा अर्थ खराच. परंतु मराठीत पुरणे म्हणजे पुरेसे होणेही. देवापुढे उभे राहिल्यावर मागण्याची यादी आपोआप आखूड व्हावी, आहे तेच पुरे वाटावे, असाही अर्थ मला त्यात दिसतो. हा माझा अर्थ आहे. पटला तर घ्यावा.

आता आरती उलगडण्याची एक किल्ली सांगते. जुन्या मराठीत 'मध्ये', 'वर' असे शब्द न जोडता नामाला नुसता ईकार लावून ठिकाण किंवा वेळ सांगत. घरी, दारी, सकाळी असे आपण आजही म्हणतोच. आरतीत हा ईकार पाच ठिकाणी आहे. उटी कोठे, तर 'सर्वांगी'. मोत्यांची माळ कोठे, तर 'कंठी'. येथे कंठी म्हणजे गळ्यातला दागिना नव्हे, कंठात. नूपुरे आणि घागऱ्या कोठे वाजतात, तर 'चरणी'. हे तीन झाले. उरलेले दोन शेवटच्या कडव्यात आहेत: 'संकटी' आणि 'निर्वाणी'. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ. कारण तेथे आरती देवाचा देह सोडून आपल्या आयुष्यात उतरते.

मधले वर्णन म्हणजे माझे माहेर! पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जिचे बालपण गेले, तिला या आरतीची टीका वाचावी लागत नाही. पेण शहरात, आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत वर्षभर मूर्ती घडतात व दूरदेशी जातात. साच्यातून मूर्ती काढणे, वाळवणे, घासून गुळगुळीत करणे, अंगाचा रंग देणे, पीतांबर रंगवणे, मुकुटाला खडे बसवणे, ही कामे क्रमाने होतात, आणि त्यांत शेकडो बायकांचे हात असतात. आरतीतील हिऱ्यांचा मुकुट ज्या बाईने खडे चिकटवून सजवला, तिला तो शब्द कोणी शिकवावा लागत नाही. शेवटी होते डोळ्यांची आखणी. ते काम मुरलेल्या कारागिराचे. डोळे आखले की माती आपल्याकडे पाहू लागते. आरतीतला देव 'त्रिनयन' आहे. मातीच्या मूर्तीला दोन डोळे आखतात आणि तिसऱ्याच्या जागी कपाळावर गंध रेखतात.

त्या कारखान्यात लहानपणी मला पडलेली एक शंका तुम्हांलाही पडली असेल. आरतीत सोंडेला सरळ म्हटले आहे आणि लगेच पुढे 'वक्रतुंड' आले आहे. सोंड सरळ की वाकडी? उत्तर असे की तुंड म्हणजे मुख. मुख वाकडे, सोंड सरळ, त्यात विरोध नाही. शिवाय वक्रतुंड हे गणपतीचे नावच आहे. मुद्गलपुराणात त्याच्या आठ अवतारांत ते पहिले येते. वाकड्यांना जो वठणीवर आणतो तो वक्रतुंड, असाही अर्थ जुने जाणकार करतात. तो अर्थ मला फार आवडतो. देवाचे तोंड वाकडे म्हणून त्याला हसण्यापेक्षा आपली वाकडी बुद्धी त्याने सरळ करावी, हे मागणे बरे.

त्याच कडव्यात 'फणिवरबंधना' हा शब्द आहे. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे नागांतला श्रेष्ठ. तो ज्याने कमरेला बांधला आहे असा देव. मोदक खाऊन उंदरावरून जाताना देव पडला, पोट फुटले, तेव्हा त्याने नागानेच ते बांधले आणि चंद्र हसला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतोच. पण म्हणताना पुष्कळांच्या तोंडी 'फणिवरवंदना' येते. मग देवच नागाला नमस्कार करतो असे होते! ही चूक का होते तेही सांगते. कडव्याच्या शेवटी 'सुरवरवंदना' हा शब्द आहे. मोठमोठे देव ज्याला वंदन करतात तो. तेथली वंदना जीभ आधीच उचलते. पाठ केलेली जीभ सवयीने चालते, अर्थ ठाऊक असला की ती अडखळून थांबते व सरळ होते.

आता राहिलेले दोन ईकार. 'संकटी'च्या जागी अर्ध्या महाराष्ट्रात 'संकष्टी' म्हणतात. संकष्टी ही महिन्यातून एकदा येणारी चतुर्थी. देवाने फक्त त्या दिवशी पावावे, इतर दिवशी आपले आपण पाहावे, असे कोणाला म्हणावयाचे आहे? शब्द 'संकटी' आहे. संकट तिथी पाहून येत नाही. आणि 'पावणे' म्हणजे प्रसन्न होणे हे तर आहेच, पण जुन्या मराठीत पावणे म्हणजे पोहोचणे. संकटात आमच्यापर्यंत येऊन पोहोच, अशी ती हाक आहे.

दुसरा शब्द 'निर्वाणी'. तो ऐकून कित्येकांना वाटते की येथे मोक्ष मागितला आहे. तसे नाही. निर्वाणीचा उपाय, निर्वाणीचे बोलणे असे आपण म्हणतो, तेथे जो अर्थ तोच येथे. सगळे उपाय हरले, आता पुढे काही नाही, त्या वेळी. पालीच्या बल्लाळाची गोष्ट या एका शब्दाची गोष्ट आहे. पोर देवाच्या नादी लागले म्हणून बापाने त्याला मारले व झाडाला बांधून टाकले. तेथे त्याने हाक मारली आणि देव आला, अशी कथा आहे. म्हणून अष्टविनायकांत तो एकटा देव भक्ताच्या नावाने ओळखला जातो.

या कथेपाशी मी थांबले असते तर व्याख्यान सोपे झाले असते. पण गेल्या भाद्रपदात आपल्या मंडळात मी हाच शब्द सांगत असता आपल्यातील एका भगिनीने मला प्रश्न विचारला. तिच्या अनुमतीनेच ते येथे सांगते. त्या वर्षी तिचे यजमान गेले होते. ती दाराशी मागे उभी होती. ती म्हणाली, "बाई, बल्लाळाला देव पावला. मीही दवाखान्यात रात्रभर हीच आरती मनात म्हणत होते. मला का नाही पावला?"

सभेत कोणी बोलेना. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न एकटीचा नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुरात जांभूळपाडा वाहून गेले. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली, २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर. त्या घरांतूनही हीच आरती होत असेल. मग त्यांना काय सांगावे? पूर्वजन्मीचे पाप होते म्हणावे? श्रद्धा कमी पडली म्हणावे? दुःखात असलेल्या माणसाला असे सांगणे हे मला पाप वाटते.

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. नंतर मी आरती पुन्हा एकेक शब्द घेऊन पाहिली, आणि जे आढळले ते सांगण्यासाठीच आज उभी आहे. पहिल्या कडव्यात 'नुरवी', 'पुरवी' अशी विधाने आहेत. देव असा आहे, असे करतो. शेवटच्या कडव्यात क्रियापदे बदलतात. 'पावावे', 'रक्षावे'. ही विधाने नव्हेत, ही विनंती आहे. देव संकटात हमखास येतो असे येथे म्हटलेले नाही. यावे असे म्हटले आहे. आणि त्या विनंतीच्या आधी जो शब्द आहे तो आहे वाट पाहण्याचा. रामाचा दास वाट पाहतो आहे. वाट कोण पाहतो? ज्याच्याकडे अजून कोणी आलेले नाही तो. म्हणजे ही आरती देव आला म्हणून आनंदाने संपत नाही. ती देव अजून आलेला नसताना, दाराकडे डोळे लावून संपते. ज्या बाईला देव पावला नाही, तिच्यासाठी या आरतीत जागा आहे. इतकेच नव्हे, शेवटचे कडवे तिचेच आहे.

आणखी एक शब्द पाहा, 'सदना'. वाट पाहणे कोठे, तर घरी. हे कोण म्हणतो? लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकून जो घर सोडून निघाला, ज्याला आयुष्यभर घर नव्हते, असे ज्याच्याविषयी परंपरा सांगते, तो रामदास म्हणतो. संन्याशाने घरी वाट पाहण्याची भाषा कोठून घेतली? मला वाटते, ती त्याने आपल्याकडून घेतली. चाकरमानी मुंबईहून निघाला, गाडी कोठे अडकली, कोलाडला आला का, नागोठणे सुटले का, म्हणून ओटीवर फेऱ्या घालणारी ती. शाळेतून मूल येईपर्यंत जेवायची थांबणारी ती. उरणे, पुरणे, वाट पाहणे. या आरतीची तिन्ही कळीची क्रियापदे घरातल्या बाईची आहेत.

आणि तरीही आपण काय पाहतो? आरतीच्या वेळी तबक पुढे पुरुषमंडळींच्या हाती, टाळ पोरांच्या हाती, आणि आपण मागे नैवेद्याच्या ताटावर पदर धरून. त्यातही जिच्या कपाळी कुंकू नाही ती दाराच्या आड. जी सर्वांत जास्त वाट पाहून थकली, तिलाच सर्वांत मागे उभे करावयाचे, हे आरतीच्या अर्थाला धरून आहे काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ठराव गावाने केला, पण तबक हाती द्यावे लागते ते घरातल्याच कोणीतरी. ते काम सासूबाईंचे, जावेचे, शेजारणीचे आहे. म्हणजे आपले आहे.

'पावणे' म्हणजे पोहोचणे, असे मी मघाशी म्हटले. इर्शाळवाडीला वाहनाचा रस्ता नव्हता. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी पावसात चिखलाची वाट चढून माणसे माणसांपर्यंत पोहोचली. मी असे म्हणत नाही की देव म्हणजे माणूसच. ते मोठ्यांनी सांगावे. मी इतकेच म्हणते की ज्या शब्दाने आपण देवाला हाक मारतो, त्या शब्दाचा अर्थ आपल्यालाही लागू आहे. देवाला 'संकटी पोहोच' म्हणणाऱ्या बाईने शेजारणीच्या दारी आधी पोहोचावे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. पहिली, दर मंगळवारी आरतीनंतर पाच मिनिटे एका शब्दाचा अर्थ सांगावा, आणि तो पाळीपाळीने प्रत्येकीने सांगावा. पापड लाटणाऱ्या बाईने सांगितलेला 'पुरणे'चा अर्थ शास्त्र्यापेक्षा उणा ठरणार नाही. दुसरी, येत्या भाद्रपदात मंडळाच्या गणपतीची पहिली आरती त्या भगिनीच्या हातून व्हावी जिने मला प्रश्न विचारला. तिला मी विचारले आहे. ती अजून हो म्हणालेली नाही. तिने हो म्हणावे म्हणून आपण सर्वांनी तिच्याकडे जावे, तिला येथे बोलावून घेऊ नये.

बोलण्यात अधिक उणे झाले असेल तर ते घरचेच समजून पोटात घालावे.